दादाला धक्का बसू नये म्हणून

मी कंडक्टर होते. पुढच्या दारातून मागच्या दारापर्यंत आवाज पोचवायचा, हीच माझी नोकरी. नोकरीतून निवृत्त झाले, पण घसा काही निवृत्त झाला नाही. अशा बाईला सख्ख्या भावाच्या घरात कुजबुजत बोलावं लागायचं. आणि हे फर्मान काढलं होतं कुणी, तर माझ्या वहिनीनं, जिच्या तोंडातून अख्ख्या दिवसात चार वाक्यं निघाली तर पुष्कळ. तिच्याबद्दल बोलायला लागलं की मला आधी राग येतो आणि मग रडू येतं. तेव्हा त्याच क्रमानं ऐका.

आमच्या बस कंपनीच्या वर्कशॉपमध्ये ती सीटा शिवायची. रेक्झिन कापायचं, जाड सुईच्या मशीनखालून ढकलत न्यायचं, मग फोमवर ताणून चौकटीला बारीक खिळ्यांनी ठोकायचं. डाव्या हातानं कापड ताणलेलं, उजव्या हातात हातोडी, आणि खिळे धरायला तिसरा हात देवानं दिलेला नाही, म्हणून खिळे दातांत. दिवसभर ओठ मिटलेले. त्यामुळे सीट विभागात तिचं नाव पडलं होतं मुकी.

माझी तिची पहिली भेट भांडणातली. माझ्या गाडीतल्या एका सीटची शिवण उसवली होती आणि एका प्रवाशाची पँट तिथल्या खिळ्याला अडकून टरकन फाटली होती. त्यानं मला सगळ्यांसमोर नको नको ते ऐकवलं. मी ते सगळं जसंच्या तसं घेऊन वर्कशॉपमध्ये गेले आणि समोर दिसली तिच्या डोक्यावर ओतलं. ती शांतपणे ऐकत होती. माझा दम संपल्यावर तिनं तोंडातला एकेक खिळा काढून तळहातावर ठेवला आणि म्हणाली, "झालं? चला, सीट दाखवा." मी तिथल्या तिथे ठरवलं, हीच माझ्या भावाला पाहिजे. आमचा दादा शाळेत चित्रकला शिकवायचा आणि बोलायला लागला की समोरच्याला जांभया येईपर्यंत थांबायचा नाही. त्याला ऐकणारं कुणीतरी हवंच होतं. लग्न झालं, मुलगा झाला, तो मोठा होऊन नोकरीसाठी दूरच्या शहरात गेला. मी एकटीच, म्हणून त्यांच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर जागा घेतली. माझ्या डोक्यावर त्यांचं स्वयंपाकघर. वहिनी कधी उठली, कधी बसली, मला छतातून कळायचं.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी दादा दाढी करत होता. अर्ध्या गालाला फेस, आणि तो छाती धरून खाली बसला. मी वर धावले तोवर मुकीनं इमारत डोक्यावर घेतली होती. हो, तीच. दादाच्या शर्टाची बटणं लावायला थांबली नाही, पायात चप्पल घालायला थांबली नाही. शेजारच्या दोघांना हाताला धरून ओढलं, दादाला खुर्चीसकट खाली आणवलं, आणि रस्त्यावर दोन्ही हात पसरून एका टेम्पोच्या पुढ्यात उभी राहिली. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला आणि शिवी हासडली. तिनं दार उघडून त्याच्या शेजारी दादाला कोंबलं. हॉस्पिटलच्या काउंटरवरचा माणूस नाव-गाव विचारायला लागला, तर म्हणाली, "नाव नंतर. आधी आत घ्या." माझ्यासारखी कंडक्टर बाजूला उभी राहून बघत होती. मोठे डॉक्टर दादाला म्हणाले की बाईंमुळे वाचलात, थोडा जरी उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं.

त्याच डॉक्टरांनी दादाला घरी सोडताना आणखी एक वाक्य टाकलं. त्यांना धक्का बसेल असं काही होऊ देऊ नका, म्हणाले. डॉक्टर असं सगळ्यांनाच म्हणत असणार. ऐकायचं, मान हलवायची आणि गोळ्या घेऊन घरी यायचं. पण वहिनीनं ते वाक्य असं काही धरलं की बस्स. रेक्झिनला सुरकुती राहू द्यायची नाही ही तिची सवय. तिनं त्या वाक्यावर अख्खं घर ताणून बसवलं.

दाराच्या बेलमध्ये सीटच्या फोमचा तुकडा कोंबला. बेल दाबली की आजारी माशीसारखी नुसती गुरगुरायची. टीव्हीवरच्या बातम्या बंद. दारं आपटायची नाहीत, जिन्यावरून धावायचं नाही, आणि वाईट बातमी असेल तर ती आधी माझ्याकडे. मी ती जिन्यात वहिनीला सांगायची, आणि दादाला सांगायची की नाही, केव्हा आणि किती, हे ती ठरवणार. आमची मावशी गेली ते दादाला कळलं तेव्हा तिच्या घराला नवीन भाडेकरूसुद्धा मिळाला होता. तळहातावरच्या फोडासारखं जपलं तिनं त्याला. आणि दादा? दादा ठणठणीत. गाल वर आले होते, रोज संध्याकाळी मफलर गुंडाळून समोरच्या रस्त्यावर फेऱ्या मारायचा आणि भेटेल त्याला आपल्या ऑपरेशनची गोष्ट रंगवून सांगायचा. मी एकदा वहिनीला म्हटलंही, अगं, तो तुझ्यामाझ्यापेक्षा घट्ट आहे, जरा सैल सोड. ती म्हणाली, "वन्सं, त्या दिवशी ते खाली बसले तेव्हाचा चेहरा तुम्ही पाहिला नव्हता. मी पाहिला."

त्याच सुमारास वर्कशॉपमध्ये एक गंमत झाली होती. सीट विभागाचे मिस्त्री, धिप्पाड माणूस, जेवणानंतर छातीवर हात ठेवून म्हणाले की बरं वाटत नाही. झालं! मशीनं बंद, आरडाओरडा, सहा जणांनी मिस्त्रींना दोन माणसांच्या नव्या सीटवर बसवलं आणि वरात निघावी तसे सीटसकट हॉस्पिटलात घेऊन गेले. तपासण्या झाल्या, आणि निघाला काय, तर गॅस. दुसऱ्या दिवसापासून मिस्त्री पुन्हा सगळ्यांवर खेकसायला हजर. पुढे कित्येक दिवस लोक हसत होते. पण कुणी असं नाही म्हटलं की उगीच नेलं. पुरुषाच्या छातीत कळ आली की नेतातच, तो वाद घालायचा विषयच नाही.

आता वहिनीचं ऐका. त्या शेवटच्या दिवसांत ती जिना चढताना मधल्या वळणावर थांबायला लागली होती. एकदा म्हणाली, ह्या जिन्याला कुणी पायऱ्या वाढवल्या की काय. मी हसले. डावा हात दुखतो म्हणाली, तर वर्कशॉपमधल्या बायकांनी मलम चोळलं. सगळ्याच जणींचा डावा हात दुखतो, दिवसभर रेक्झिन ताणून दुसरं काय होणार! जबडा ठणकतो म्हणाली, तर त्यात काय नवल, खिळे धरून धरून सगळ्यांचेच जबडे ठणकतात. थकवा येतो म्हणाली, तर या वयात बायकांना येतोच. प्रत्येक दुखण्याला तिच्या कामात एक कारण आधीपासून तयार होतं. छातीवर हात ठेवून खाली बसली असती तर कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला असता. पण तिच्या छातीत दुखतच नव्हतं. निदान तिला तरी तसं वाटत नव्हतं.

त्या दिवशी ती दुपारीच घरी आली. मिस्त्रींनीच पाठवलं होतं, चेहरा पांढरा पडलाय, जाऊन पडा म्हणून. बस पकडून एकटी आली. वर गेल्याचं मला छतातून कळलं. चहाचं भांडं ठेवल्याचं कळलं. मग काहीतरी पडल्याचा आवाज आला. आणि थोड्या वेळानं माझं दार हळूच ढकलून ती आत आली, सरळ माझ्या मोरीत गेली आणि भडभडून ओकली.

मी पाठीवर हात ठेवला तर ब्लाउज घामानं चिंब. मी विचारलं, तुमच्याकडे मोरी नाही का, एवढा जिना उतरून खाली कशाला आलीस? तर ती म्हणाली, "हे जरा आडवे झालेत. वर ओकले असते तर ऐकू गेलं असतं त्यांना."

मी तिला माझ्या कॉटवर टेकवलं. दोन्ही खांद्यांच्या मध्ये कुणी गुडघा दाबून बसलंय असं वाटतंय, म्हणाली. श्वास पुरत नव्हता. मी म्हटलं, हॉस्पिटल. ती म्हणाली, जाऊ, पण हे फिरायला गेल्यावर. आता निघतीलच. चहा करून ठेवलाय, गोळी बशीत ठेवलीय. मी तिच्यावर ओरडणार होते, आणि तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. गार, ओलाचिंब हात. छताकडे बोट दाखवलं.

मी तरीही फोन लावला. ॲम्ब्युलन्सवाल्यानं विचारलं, छातीत दुखतंय का? मी वहिनीला विचारलं, तिनं मान हलवली, नाही. मग काय होतंय? पाठीत दुखतंय, ओकारी झाली, घाम सुटलाय. काही वेगळं खाल्लंय का, असं तो मलाच विचारायला लागला. मी आवाज चढवला तेव्हा पाठवतो म्हणाला. वहिनी खुणेनं सांगत होती, भोंगा नको, आणि समोर नको. समोरच्या रस्त्यावर दादाच्या फेऱ्या असतात. मागच्या गल्लीत, टायरच्या दुकानापाशी थांबायला सांगा. मला तिला फरफटत न्यावंसं वाटत होतं. पण दोन वर्षं त्या घरानं मलाही कुजबुजायला शिकवलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही वर झोपलेल्याचीच काळजी जास्त वाटत होती. समोर बसलेलीची नाही. ही कसली अक्कल म्हणायची, तुम्हीच सांगा.

मग जिन्यात दादाची पावलं वाजली. एकेक पायरी, आरामात. माझं दार नुसतं लोटलेलं होतं. तो बाहेर थांबला आणि विचारलं, ही आहे का गं तुझ्याकडे?

वहिनीनं माझं मनगट घट्ट धरलं. तोंडावरचा पदर काढला. आणि कुठून आणला कोण जाणे, अगदी रोजचा आवाज काढला. "आहे, आहे. वन्संशी बोलत बसलेय. मफलर घेतलात का?"

घेतला, म्हणाला तो. चालू द्या तुमच्या गप्पा, म्हणाला. आणि शीळ घालत खाली उतरला.

त्याची शीळ विरेपर्यंत तिनं माझं मनगट सोडलं नाही. मग आम्ही जिना उतरून इमारतीच्या मागच्या दारानं निघालो. लोकांचे वाळत घातलेले कपडे बाजूला सारत, पाण्याच्या टाकीला वळसा घालून, टायरच्या दुकानापर्यंत चालत. जिला खुर्चीतून उचलून न्यायला हवं होतं ती बाई चालत गेली. मधेच भिंतीला टेकली, मला म्हणाली, जरा थांबा, आणि परत चालायला लागली. ॲम्ब्युलन्सवाला तिला चालत येताना बघून म्हणाला, पेशंट कुठाय?

हॉस्पिटल तेच होतं, आणि काउंटरवरचा माणूसही तोच. त्यानं वहिनीला लगेच ओळखलं. सरांना परत त्रास झाला का, म्हणून त्यानं खुर्चीवाल्याला हाकसुद्धा मारली. वहिनी म्हणाली, नाही, ते बरे आहेत, मलाच जरा अशक्तपणा वाटतोय. अशक्तपणा! हाच शब्द वापरला तिनं. दादाच्या वेळी जिनं नाव सांगायला नकार दिला होता, तिनं आपलं नाव, वय, पत्ता सगळं नीट सांगितलं. आम्हाला बाकावर बसवलं. एका तरुण डॉक्टरनं येऊन नाडी बघितली, घरी काही ताण आहे का विचारलं. मी म्हटलं, हिच्या नवऱ्याला हार्टचा त्रास आहे. त्याला तेवढं पुरलं. काळजीनं होतं असं, म्हणाला, पित्तही झालं असेल. एक इंजेक्शन देतो, पडून राहा. वहिनीचा चेहरा उजळला हो! मला म्हणाली, बघा, मी म्हणत नव्हते? आता ह्यांना सांगायलाच नको.

तेवढ्यात एक गृहस्थ छाती धरून आत आले. बरोबर पाच माणसं. त्यांना बाकावर कुणी बसवलं नाही, सरळ आत नेलं. मी ते बघितलं, आणि वहिनीकडे बघितलं. तिचे ओठ निळसर झाले होते. मग मात्र माझा घसा सुटला. शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा माझा आवाज त्या हॉलच्या टोकापर्यंत गेला. मी काय काय बोलले ते मला आठवत नाही, चांगलं काही नसणार. पण लोक धावले. तिच्या छातीला वायरी लावल्या, मशीनमधून कागद निघाला, आणि त्या तरुण डॉक्टरचा चेहरा असा उतरला की मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही. पुढचं सगळं पळापळीत झालं. पडदा ओढायच्या आधी वहिनीनं मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "ह्यांना एकदम सांगू नका. आधी गोळी द्या, बसवा, मग सांगा."

बाहेर दिवे लागायच्या सुमाराला ती गेली. मोठे डॉक्टर स्वतः बाहेर आले. झटका सकाळीच कधीतरी सुरू झाला असणार, म्हणाले. दुपारी आणलं असतं तर आशा होती. मग विचारलं, इतका वेळ कशासाठी थांबलात? मी म्हटलं, तुम्हीच सांगितलं होतं. त्यांना काही कळलं नाही.

आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण त्यानंतर आमच्या जिन्यात काय चाललं होतं माहीत आहे? बैठक! शेजारीपाजारी, वर्कशॉपचे मिस्त्री, सगळे जमून हळू आवाजात ठरवत होते की दादाला कसं सांगायचं. एकजण म्हणाला, आधी सांगू की ॲडमिट केलंय. दुसरा म्हणाला, मुलगा येईपर्यंत थांबू. मिस्त्री डोळे पुसत म्हणाले, खाली गाडी तयार ठेवा, त्यांना काही झालं तर लगेच नेता येईल. गाडी तयार ठेवा! माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी सगळ्यांना बाजूला सारून वर गेले. तरी गोळी दिलीच, तिचा शब्द होता. पाण्याचा पेला त्याच्या हातात दिला आणि माझ्या नेहमीच्या आवाजात सांगितलं, दादा, वहिनी गेली.

तो पेला हातात धरून बसून राहिला. पाणी सांडलंसुद्धा नाही. मग म्हणाला, पण तिनं तर आत्ताच मला मफलर विचारला.

मी सगळं सांगितलं. मोरी, कॉट, मागची गल्ली. दार लोटलेलं होतं, हेही सांगितलं. तो ऐकत होता. मग म्हणाला की दुपारी स्वयंपाकघरात काही पडलं तेव्हा मी जागाच होतो. हाक मारून विचारलंही. ती म्हणाली, डबा पडला, तुम्ही पडा. मी उठलो की तिला आवडत नाही, म्हणून उठलो नाही. इतकं सांगून तो माझ्याकडे बघत राहिला, शाळेतलं पोर चूक झाल्यावर बघतं तसा. "मी इतका नाजूक नव्हतो गं," म्हणाला. "मला एकदा विचारायचं तरी."

पुढच्या आठवड्यात मुलानं त्याला बळेच तपासायला नेलं. कागद निघाला, मोठ्या डॉक्टरांनी वरखाली करून बघितला. सगळं उत्तम, म्हणाले. एवढा धक्का बसूनही हृदयाला काही झालेलं नाही. मुलगा हुश्श म्हणाला. दादा शर्टाची बटणं लावत राहिला.

बेलमधला फोम त्यानं स्वतः स्टुलावर चढून काढला. बेल आता अशी कोकलते की मीसुद्धा दचकते. आणि संध्याकाळी फिरायला निघाला की माझ्या दाराशी थांबतो. मी आतून ओरडते, बरी आहे रे बाबा, जा तू. पण तो जात नाही. दार ढकलून आत येतो, दिवा लावतो, माझं तोंड नीट बघतो. एकदा मी वैतागून म्हटलं, आवाज ऐकलास ना माझा, अख्ख्या इमारतीला ऐकू गेला असेल. तर म्हणाला, आवाज तिचाही चांगलाच होता. त्या दिवसापासून मी दार उघडं ठेवून समोरच बसते, आणि तो येऊन बघून जातो.